धो धो पावसात उंदीर पिल्लं कुठं ठेवतात?

प्रश्न: आमच्या गच्चीवरच्या कूलरमधलं गवत उपसून खारीनं तिथंच घरटं केलंय, आत पिल्लं आहेत. काढू का? आणि मुलगी विचारते की सदाहरित जंगलात एवढा पाऊस पडतो तर तिथले छोटे उंदीर कुठं राहतात, बिळात पाणी नाही शिरत का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: घरटं आत्ता अजिबात काढू नका, पिल्लं स्वतः बाहेर फिरायला लागली की मग कूलर साफ करा, तोवर दुसरा कूलर चालवा.

आता मुलीचा प्रश्न, फार छान प्रश्न आहे. पाणी शिरतं ना! आपल्या नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, कर्नाटकातल्या सदाहरित जंगलातल्या आगुंबेला सात हजारांच्या आसपास, म्हणून तिथले काही उंदीर उतारावर मुळांखाली बीळ करतात आणि बरेचसे सरळ झाडावर जातात. लांब शेपटीचा झाडउंदीर बघा, वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम, शेपटी अंगापेक्षा लांब, पायाच्या पहिल्या आणि शेवटच्या बोटाला आपल्यासारखी चपटी नखं, त्यामुळे बारीक फांदी गच्च धरता येते. तो फांद्यांमध्ये किंवा ढोलीत गवत-पानांचा छोटा गोळा करून राहतो.

माझा सगळ्यात लाडका मात्र मलबारी काटेरी उंदीर. फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात सापडतो, 1859 मध्ये एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं. पाठीवर केसांत चपटे काटे, शेपटीच्या टोकाला झुबका, रात्रीचा प्राणी. हा जुन्या झाडाच्या ढोलीत पानं आणि शेवाळ अंथरून घर करतो. अंथरूण कशाला, तर उंदरांची पिल्लं बहुतेक उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात, त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवताच येत नाही, आई बाहेर गेली की घरट्याची ऊबच त्यांना जगवते. ओलं झालं की संपलंच.

आणि अशी ढोली नवीन झाडात मिळत नाही हो, फांदी मोडते, बुरशी लागते, आतलं लाकूड हळूहळू कुजतं, वर्षानुवर्षं जातात त्यात. पण लोकांना असं झाड निकामी वाटतं आणि सरपणासाठी पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते, याचं मला फार वाईट वाटतं. मुलीला एक काम सांगा, सेमिनरी हिल्सला गेलात की जुन्या झाडांच्या ढोल्या लांबूनच मोजायच्या, आत काडी घालायची नाही.