ऑगस्टमध्ये म्हातारे आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन नाशिकला येतोय, कोणता धबधबा बघावा? दुगारवाडी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात, मुलगी सहा वर्षांची आहे आणि दुगारवाडीचे रील बघितल्यापासून घरात सगळ्यांना तिथंच जायचंय. मी नाशिकचीच, माझं स्पष्ट मत सांगते, ही मंडळी बरोबर असताना दुगारवाडी नको. सोमेश्वर करा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी असेल तर भंडारदऱ्याकडे रंधा धबधबा.

दुगारवाडी सुंदर आहे यात वादच नाही. त्र्यंबकच्या पुढे जव्हार रोडला लागलं की आत वळायचं, गाडी लावायची आणि मग जंगलातून खाली उतरायचं, चिखल, निसरडे दगड, आणि वाटेत ओढा ओलांडावा लागतो. खरी मेख त्या ओढ्यातच आहे. जाताना घोट्याएवढं पाणी असतं म्हणून लोक हसत खेळत पलीकडे जातात आणि तिकडे असताना वर डोंगरात पाऊस झाला की परतीची वाट बंद. २०२२ च्या ऑगस्टमध्ये असंच झालं होतं, वीसहून जास्त पर्यटक पलीकडे अडकले, रात्रीच्या अंधारात रेस्क्यू करावं लागलं आणि एक जण वाहून गेला. ट्रेक करणाऱ्या पोरांनासुद्धा तिथे भारी पडतं, तर गुडघेदुखीवाल्या आईला आणि सहा वर्षांच्या लेकराला घेऊन तुम्ही घाईत ओढा कसा ओलांडणार?

बाहेरून येणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस पडतो आणि इगतपुरीकडे ३००० च्या वर, त्र्यंबकलाही शहराच्या कितीतरी पट. ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात आणि शहरात येईपर्यंत नुसती भुरभुर उरते. म्हणजे तुम्ही हॉटेलच्या खिडकीतून ऊन बघून निघाल आणि तिकडे त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरावर धो धो चालू असेल. त्यामुळे निघताना अंदाज त्र्यंबक-इगतपुरीचा बघा, नाशिकचा बघून उपयोग नाही.

आता सोमेश्वर. गंगापूर रोडने सरळ जायचं, शहरापासून आठ-दहा किलोमीटर, आधी झाडीत सोमेश्वर महादेवाचं जुनं मंदिर लागतं आणि पुढे गंगापूर गावाजवळ गोदावरीवर हा धबधबा, बरेच जण याला दूधसागर पण म्हणतात, गोव्याचा तो वेगळा. उंची फार नाही पण रुंद आहे, काळ्या कातळाच्या पायऱ्यापायऱ्यांवरून सगळी नदीच खाली येते. याचं पाणी गंगापूर धरणाच्या विसर्गावर चालतं. जुलै संपता संपता धरण भरत आलं की पाणी सोडायला लागतात आणि मग हा खरा दिसतो, नाहीतर नुसती धार. म्हणून येण्याच्या आदल्या दिवशी बातम्यांत "गंगापूरमधून विसर्ग" किती क्युसेक ते बघायचं. विसर्ग एकदम वाढवला असेल आणि गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली उंच मूर्ती, नाशिककर पुराचं माप हिच्यावरूनच घेतात) कमरेपर्यंत पाणी आलं असेल तर सोमेश्वरला जवळ जाऊच नका, पोलीसही सोडत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं, त्यांचेही गुडघे तसेच. त्या वरच थांबल्या, एका हाताने कठडा धरलेला आणि दुसऱ्या हाताने पदराने चष्मा पुसतायत, तुषार उडून काच परत ओली, परत पुसणं, तरी जागचं हलायला तयार नाहीत. शेवटी चष्मा काढून माझ्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "आता नुसता आवाज ऐकते गं." मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं, कारण घरात म्हाताऱ्या माणसांना सहलीला नेतात आणि गाडीतच बसवून ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. जागा अशी निवडावी की त्यांनाही उतरून बघता येईल. मुलीला मात्र हात धरूनच ठेवा, कातळावर हिरवं शेवाळ असतं, चांगला ग्रिपचा बूटही सरकतो, आणि कुणी कितीही पुढे जाऊन सेल्फी काढू दे, आपण पाण्यात पाय घालायचा नाही.

रंधा नाशिकहून घोटीमार्गे साधारण ७०-८० किलोमीटर, प्रवरा नदीवर आहे, पाणी १७० फुटांवरून खाली दरीत कोसळतं आणि बघायचं ते कठड्याच्या आतूनच, म्हणून कुटुंबाला बरं. तिथेही पाणी भंडारदरा धरणातून सोडलेलं असतं. वाटेत भातखाचरं, डोंगरावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा, मुलगी खिडकीतून बघतच बसेल. फक्त शनिवार-रविवार टाळा, घोटी-भंडारदरा भागात गाड्यांची एवढी रांग लागते की निम्मा दिवस त्यातच जातो. आणि जोराच्या पावसात प्रशासन कधीकधी धबधब्यांवर जायला बंदी घालतं, निघायच्या आधी तेवढं चेक करा.

कुठल्याही धबधब्यावर असाल तरी पाण्याच्या रंगाकडे लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी अचानक मातकट झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली की वरून लोंढा येतोय असं समजायचं आणि लगेच वर निघायचं, सामान राहिलं तरी राहू दे.

सकाळी आठच्या आत निघा, गर्दी कमी असते. सोमेश्वरहून येताना गंगापूर रोडलाच मिसळ खा, आई-बाबांसाठी तर्री वेगळी मागा म्हणजे तिखट लागणार नाही, दही आणि पापड येतोच बरोबर. आणि सगळ्यांचा एकेक कोरडा जोड गाडीत ठेवा, रेनकोट घातला तरी भिजायला होतंच.