हँडलच्या वायरिंगवरची नळी बदलताना

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९७८ सालची येझदी मोटारसायकल आहे. हँडलवरच्या डिपर-हॉर्नच्या स्विचपासून हेडलाइटपर्यंत बाहेरून जाणाऱ्या वायरींवरची प्लास्टिकची नळी ताठ होऊन तडकली आहे. दिवे आणि हॉर्न मात्र चालू आहेत. मेकॅनिक म्हणतो, वरून काळी टेप गुंडाळू, नाहीतर सगळीकडे हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवू. मला गाडीचे मूळचे रूप टिकवायचे आहे. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही पर्याय टाळावेत आणि साधी, मऊ पीव्हीसी स्लीव्हच (प्लास्टिकची नळी) पुन्हा घालावी. वीज अडवण्याचे काम प्रत्येक वायरीवरचे स्वतःचे आवरण करते. बाहेरची नळी वायरींना घासण्यापासून आणि उन्हापासून वाचवण्यासाठी असते. तिचा खरा गुण म्हणजे लवचिकपणा, कारण हँडल डावी-उजवीकडे वळते तेव्हा हा जुडगा प्रत्येक वेळी वाकतो. हीट श्रिंक तापवल्यावर आवळून बसते आणि वायरींचा जुडगा दांड्यासारखा ताठ होतो. मग सगळा वाक एकाच जागी, बहुधा हेडलाइटच्या तोंडाशी, पडतो आणि तिथली तांब्याची तार आतल्या आत तुटते. काळ्या टेपचा गोंद तर दोन-तीन उन्हाळ्यांतच वितळून बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते.

नवी नळी घेण्यापूर्वी वायरींची तब्येत पाहावी. बॅटरीची जोडणी काढून, हेडलाइट उघडून, वायरीचे एखादे टोक थोडे सोलावे. तार चकचकीत तांबडी असेल तर प्रश्न नाही. काळी किंवा हिरवट पडली असेल आणि आवरणही बोटाने वाकवताच तडकत असेल, तर नळी बदलण्यात अर्थ नाही, ती वायरच बदलावी लागेल. आपल्या गाडीची वीज सहा व्होल्टची असेल तर याकडे अधिकच लक्ष द्यावे, कारण ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपियर घेतो, तोच सहा व्होल्टवर जवळजवळ ६ अँपियर घेतो, आणि खराब तारेत वाया जाणारा व्होल्टही त्या प्रमाणात जास्त जाणवतो. जुन्या गाड्यांचा दिवा मिणमिणतो म्हणून लोक बल्बला दोष देतात. दोष पुष्कळदा जोडांचा असतो.

नळीचे माप अंदाजाने घेऊ नये. कागदाची पट्टी जुडग्याभोवती गुंडाळून, जिथे टोक जुळते तिथे खूण करावी आणि आलेली लांबी ३.१४ ने भागावी. पट्टी २२ मिलिमीटर भरली तर जुडगा ७ मिलिमीटरचा झाला. त्यासाठी ८ मिलिमीटर आतील व्यासाची नळी घ्यावी. रंगासाठी क्लॅम्प सोडून त्याखालचा जुन्या नळीचा तुकडा पाहावा, कारण ऊन न लागल्याने तिथे मूळ रंग आणि तकाकी बऱ्याचदा शिल्लक असते. तोच तुकडा दुकानात न्यावा.

काम हेडलाइटच्या टोकाकडून करावे. स्विचमधले डाग दिलेले जोड सुटू देऊ नयेत, आणि स्विच उघडावाच लागला तर मोठ्या कापडावर उघडावा, कारण त्यातली बारीक स्प्रिंग उडून गेली की ती सापडणे कठीण. हेडलाइटमधल्या प्रत्येक जोडणीचा फोटो काढून, वायरीला चिकटपट्टीवर आकडा लिहून, मगच स्क्रू सैल करावेत. टोके एकाच ओळीत न ठेवता मागे-पुढे सरकवून, दोऱ्याने बांधून, जुडगा टोकाकडे निमुळता करावा. नळी गरम पाण्यात काही मिनिटे ठेवली की मऊ होते. ती पूर्ण वाळवून, टाल्कम पावडर टाकून, आतून ओवलेल्या तारेने जुडगा ओढावा. इथे तेल किंवा ग्रीस वापरण्याचा मोह होतो, पण त्याने पीव्हीसी कालांतराने बिघडते. वायरीच्या टोकाचे टर्मिनल (जोडणीचा धातूचा तुकडा) नळीत शिरतच नसेल, तर केवळ टर्मिनल कापून नळी घातल्यावर नवे दाबून बसवावे.

बसवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. कुठेही ओढ बसता कामा नये. हेडलाइटच्या भोकातला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे) कडक झाला असेल तर तोही बदलावा, नाहीतर पत्र्याची कड नव्या नळीला खाईल. नळीचे खालचे टोक टेपने बंद करू नये. पावसाचे पाणी आत शिरले तर त्याला बाहेर जायला वाट हवी. हीट श्रिंकचा एक छोटा तुकडा स्विचकडच्या टोकावर घालायला हरकत नाही, तिथे वाक पडत नाही.

प्रश्न : जुन्या टेपचा चिकट थर वायरींवर राहिला आहे. पेट्रोलने पुसला तर चालेल का? आणि हँडल रंगवून आणल्यापासून हॉर्न वाजत नाही, याचा त्याच्याशी संबंध आहे का? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर : पेट्रोल नको. ते आवरणातला मऊपणा शोषून घेते आणि वायर ताठ पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने, थोडे थोडे करत पुसावे. हॉर्नचा चिकटपणाशी संबंध नाही. अनेक जुन्या गाड्यांत हॉर्नचे बटण दाबले की अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परतणारी विजेची वाट) हँडलच्या पाइपातून मिळतो. नव्या रंगाचा थर मध्ये आला की ती वाट बंद होते. स्विचच्या क्लॅम्पखाली नखाएवढ्या जागेतला रंग खरवडून पाहावे. हँडल ज्या कंसात बसते तिथेही धातूला धातू लागतो का, तेही एकदा तपासावे.