सराफ्यात पहिल्यांदा जाताय?

इंदूरला नवे आहात म्हणून सांगतो, सराफ्यात, म्हणजे इथल्या सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, आठलाच पोहोचू नका. सोन्याची दुकानं बंद झाली की मगच त्यांच्यासमोर कढया चढतात. दहानंतर या, आणि घरून जेवून तर मुळीच येऊ नका!

थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाच. अर्धवट तळलेल्या फोडींचा ढीग असतो. आपल्यासमोर पुन्हा तळून घ्यायच्या, कडा करकरीत झाल्या की वर जीरावन मसाला आणि लिंबू. भुट्ट्याचा कीस मात्र दोघांत एकच घ्या, पोट लवकर भरतं. दिवसा खायला छप्पन दुकान ही दुसरी खाऊगल्ली आहेच.

पबमध्ये गेलात तर बिल वाचा. माझ्याकडून एकदा न विचारता सर्व्हिस चार्ज घेतला होता. २०२२ च्या केंद्रीय सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही. काढायला सांगा, लाजू नका.