सशाचा तुटका कान आणि गणपतीची साफसफाई

गणपतीला तीनेक आठवडे राहिले की आपल्याकडे घराघरात माळा खाली उतरतो आणि त्याच्यासोबत उतरलेल्या टेडी, ससे, हत्तींवरून भांडणं लागतात. मुलांची कौन्सेलर म्हणून रत्नागिरीत बसते त्यामुळे श्रावणात माझ्याकडे हाच विषय जास्त येतो. पाच प्रश्न घेतलेत, लांबलचक होते ते थोडे कापलेत.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. एक कान तुटलेला ससा घेतल्याशिवाय झोपत नाही. सासूबाई म्हणतात एवढी घोडी झाली, पाहुणे यायच्या आत गुपचूप टाकून दे. टाकू का? (दापोली)

टाकायचाच झाला तरी गुपचूप अजिबात नको. डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक इंग्रज बालरोगतज्ज्ञ होते, पुढे मनोविश्लेषकही झाले, त्यांनी 1951 मध्ये याच विषयावर निबंध वाचला होता. आई म्हणजेच सगळं जग असं वाटणाऱ्या बाळाला आई वेगळी आहे हे हळूहळू कळायला लागतं, तेव्हा मधल्या त्या जागेत ते एखादी वस्तू पकडतं, ससा, दुपट्याचं टोक, काहीही, आणि ती वस्तू ते स्वतः निवडतं, आपण दिलेली महागडी बाहुली कोपऱ्यात पडून राहते. ती मळलेली असली तरी आईबाप धुवत नाहीत कारण वास गेला की मुलासाठी तिची किंमत जाते, हेही त्यांनी टिपून ठेवलंय. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, की अशी वस्तू मूल विसरतही नाही आणि तिचं सुतकही धरत नाही, तिच्यातला अर्थच हळूहळू विरून जातो. विरायला वेळ मिळाला तर.

नऊ वर्षांची मुलगी रात्री ससा घेऊन झोपते यात काळजीचं काही नाही. शाळा, मैत्रिणी, खेळ सोडून ती त्याच्यातच बसली असेल, किंवा दोन वर्षं कपाटात पडलेला ससा अचानक परत काढला असेल, तर मात्र घरात किंवा शाळेत काय चाललंय ते बघा. पाहुण्यांचं म्हणाल तर तिलाच विचारा, गणपतीत ससा कुठे ठेवायचा? मुलं अशा वेळी आपल्यापेक्षा शहाणी निघतात. कान शिवायचा असेल तरी आधी विचारा हं.

माझी चिंध्यांची बाहुली आईने बोहारणीला घातली होती, जुन्या साड्यांबरोबर. बदल्यात स्टीलचा डबा आला. तो डबा अजून माहेरी आहे, त्यात रवा असतो, आणि चाळिशी उलटली तरी मी तिकडे गेले की त्या डब्याकडे रागानेच बघते.

मुलगा पाच वर्षांचा, सकाळी उठला की शिंका. डॉक्टर म्हणाले धुळीची अॅलर्जी. पलंगावर बावीस सॉफ्ट टॉय आहेत आणि पावसाळ्यात सगळ्यांना कुबट वास मारतो. डांबरगोळ्या घालून पिशवीत बांधून ठेवू का? (रत्नागिरी)

डांबरगोळ्या नकोत. नॅफ्थॅलीनच्या असतील तर तो वास भरलेली खेळणी मुलाच्या नाकाशी जाणं वाईटच, आणि काही बाळांच्या शरीरात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या लाल रक्तपेशी त्याने फुटतात, कावीळ होते.

शिंकांचं कारण बहुतेक धुळीतले माइट्स, डोळ्यांना न दिसणारे. आपल्या कातडीचा गळलेला कोंडा खातात आणि पाणी हवेतूनच घेतात, म्हणून हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली की ते तग धरत नाहीत. आता आपल्याकडे जुलैत 50 टक्के म्हणजे विनोदच. तेव्हा पहिलं काम, पलंगावर एकच ठेवा, कुठला ते मुलगा ठरवेल, बाकीचे झाकणाच्या डब्यात. लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा, त्याने माइट मरतात. नसेल चालत तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उणे 18 च्या डीप फ्रीझरमध्ये पूर्ण एक दिवस ठेवा (लाईट गेली तर ते तास धरू नका) आणि मग साध्या पाण्याने धुवा, कारण माइट मेले तरी त्यांची घाण आत राहते आणि शिंका त्या घाणीनेच येतात. फ्रीजरमध्ये सुरमई असेल तर पिशव्या दोन घाला, नाहीतर टेडीला आयुष्यभर सुरमईचा वास.

पण धुण्यापेक्षा सुकवणं कठीण. वरून कोरडा वाटतो, आतला पॉलिएस्टरचा कापूस तीन-तीन दिवस ओला असतो, आणि तसाच पिशवीत बांधला की बुरशी आलीच. म्हणून मोठी खेळणी मिरगाच्या आधी नाहीतर दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात धुवायची. आतून काळे ठिपके आलेत, दाबलं की कुबट वास येतो, अशाचा आतला कापूस काढून टाका, तो धुऊन वाचत नाही. वरचं कापड उकळत्या पाण्यातून काढून नवा कापूस भरता येतो. आणि परसात पातेऱ्याबरोबर पेटवू नका, पॉलिएस्टरचा धूर असतो तो.

2021 च्या पुरात आमचं तळमजल्याचं घर बुडलं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्याची खेळणी चिखलासकट आम्ही रस्त्यावरच्या ढिगात टाकली. आता तो काहीच टाकू देत नाही, फाटका चेंडूसुद्धा. पोटमाळा भरला. (चिपळूण)

ताई, ती खेळणी टाकणं बरोबरच होतं. गटाराचं पाणी कापसात मुरलेलं, ते कुणी धुतलं असतं? पण त्या दिवसांत, 22 जुलैनंतर, तुम्ही स्वतःच चिखल उपसत होता, चार वर्षांच्या पोराला समजवायला वेळ कुणाला होता. त्याच्या हिशोबाने खेळणी पाण्याने नाही नेली, ती आईबाबांनी नेली.

तेव्हा आधी पोटमाळा विसरा आणि त्या दिवसाबद्दल बोला. काय काय गेलं त्याची यादी त्यालाच करू दे, तुम्हीही तुमची करा, लग्नाचा अल्बम, शिलाई मशीन, जे असेल ते. मोठ्यांचंही गेलं हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग एक झाकणाची पेटी आणा, त्याच्या हाताने भरायला द्या, आणि ठरवा की वाशिष्ठीचं पाणी वाढायला लागलं की ही पेटी सगळ्यात आधी वर जाईल, कागदपत्रांच्या बरोबरीने. पेटीत जे मावत नाही त्यातलं काय जाऊ द्यायचं ते त्याच्यावर सोडा, आणि हे पावसात नको, दिवाळीच्या सुट्टीत करा. दोनच वस्तू निघाल्या तरी पुष्कळ.

मुंबयसून झिल दरवर्षी नातवांच्या जुन्या खेळण्यांचो गोणो धाडता, गावच्या पोरांक वाट म्हणान. निम्मी फाटलेली. काय करू? (मालवण)

आजी, झिलाक फोन करून सांगा, फाटका नको धाडूस! फाटलेलं खेळणं वाटणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात. चांगली असतील ती अंगणवाडीत आधी विचारून द्या. डोळे ओढून बघा, सुटतात का. गाणारं खेळणं असेल तर आतल्या बटणासारख्या सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय ना ते पहा, तो सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत सॉफ्ट टॉय ठेवायचाच नाही, नवाकोरा असला तरी.

मुलगा तेरा वर्षांचा. त्याने स्वतःच त्याचं अस्वल द्यायच्या पिशवीत टाकलं. मी रात्री ते काढून घेतलं. चुकलं का माझं? (गुहागर)

नाही हो. त्याचं झालं, तुमचं व्हायचंय. सकाळी त्याला सांगून टाका की मी काढलंय, मला हवंय, म्हणजे लपवाछपवी नको, तो डोळे फिरवेल, फिरवू दे. तुमच्या कपाटात ठेवा, त्याच्या नाही, आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की दोन दिवस गच्चीवर टाका, तो शाळेत असताना.