प्रवासाचं विचारा : दुबारेच्या हत्तींकडे जावं का?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत कोडगूतल्या दुबारेला नदीकाठच्या जंगल रिसॉर्टमध्ये राहायचा बेत आहे. सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण जामनगरच्या वनतारात गेल्यापासून आमच्याकडे हत्तीचा विषय निघाला की वाद पेटतो. मिस्टर म्हणतात, साखळीतले हत्ती बघायला पैसे कशाला घालवायचे? मुलाला तर हत्तीवर बसायचंय. काय करावं?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : जा. हत्तीवर बसायचं खूळ मात्र मुलाच्या डोक्यातून घरीच काढा. तिथे ऐनवेळी रडारड नको.

दुबारे हे अभयारण्य नव्हे, कर्नाटक वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. पूर्वी इथले हत्ती लाकूड ओढायचे. आता म्हैसूरच्या दसऱ्याला जातात, शेतात घुसणाऱ्या रानहत्तींना आवरायला जातात. गडचिरोलीतला आपला कमलापूरचा कॅम्पही याच वळणाचा.

साखळी दिसणार, हे मिस्टरांचं खरं. पण त्यांना म्हणावं, साखळी बघून तोंड फिरवण्याआधी हत्ती रात्री कुठे असतो ते विचारा. संध्याकाळी हत्तींना रानात चरायला सोडतात. पायातली लांब साखळी मागून फरफटत जाते आणि सकाळी माहूत तिच्याच मागावर जाऊन आपला हत्ती हुडकून आणतो. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागणारं, चालत राहणारं हे जनावर. सिमेंटवर बांधून ऊस-केळी घालून ते जगतं, पण पायांची वाट लागते. मोकळीक पुरती नसली तरी हा फरक मी मोठा मानते.

सकाळची आंघोळ चुकवू नका. हत्ती कावेरीत कुशीवर आडवा होतो, सोंडेचं टोक तेवढं वर. माहूत कानामागची घडी उलटून घासतो. हे माहूत बरेचसे जेनु कुरुबा समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या हत्तींबरोबर वाढलेले. नंतर नाचणीचे मोठाले गोळे आणि गूळ थेट तोंडात. हे काठावरून बघा. पर्यटकांनी पाण्यात उतरून हत्तीला चोळणं मला मुळीच पसंत नाही, फोटो कितीही झकास येवो. डोळा आणि कानाच्या मधून तेलकट ओघळ येत असेल तर तो नर माजावर आहे. मुलाला घेऊन लांबच राहा.

सासूबाईंचं म्हणाल तर कॅम्पला होडीतून नदी ओलांडावी लागते. चढताना-उतरताना दगड निसरडे, तेव्हा पकड असलेली चप्पल आणि कुणाचा तरी हात हवाच. पावसाळ्यात पाणी चढलं की होड्या बंद. दसऱ्याआधी निवडक हत्ती म्हैसूरला गेलेले असतात. म्हणजे डिसेंबर उत्तम, फक्त नाताळात बंगळूरकरांची झुंबड उडते. शाळेचं जमत असेल तर जानेवारीतले मधले वार धरा.

कोडगूत रेल्वे नाही. मिरजेहून शरावती एक्स्प्रेसनं म्हैसूर गाठा, पुढे कुशालनगरपर्यंत रस्त्यानं. तिकिटं आधी काढा, रिसॉर्ट मग.