बोलीला हसले की बोलण्याला?

‘मिक्सरमागची खुर्ची’ : वाचकांचे प्रश्न, एका साऊंडवालीची उत्तरं

प्रश्न : मी मूळचा सेलूचा, वाळूजला कंपनीत कामाला आहे. गेलं वर्षभर रविवारी संभाजीनगरच्या कॅफेंमधल्या ओपन माईकला (जो नाव देईल त्याला माईक) स्टँडअप करतो. घरी बोलतो तसंच स्टेजवर बोलतो. ‘कामून’ (म्हणजे ‘का’) म्हटलं की लोक हसतात, पण पुढं जो खरा विनोद असतो त्याला हसत नाहीत. मित्र म्हणतात, भाषा बदल, पुण्यात चालेल अशी कर. बदलू का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : तू माझ्या भाच्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून एकेरी लिहिते. भाषा बदलू नकोस. मात्र लोक नेमके कशाला हसतात, ते आधी ऐकून घे. स्टेजवरच्या माणसाला डोळ्यांवरच्या उजेडामुळं मागच्या रांगा दिसत नाहीत आणि घाबरल्यामुळं नीट ऐकूही येत नाही. मी सगळ्यांच्या मागं मिक्सरपाशी, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रापाशी, बसलेली असते. मला स्टेजवरचं बोलणं आणि मागच्या रांगांतला हशा, दोन्ही ऐकू येतं.

मागच्या वर्षात मी असे पंधरा-सोळा ओपन माईक केले. कॅनॉट, निराला बाजार, उस्मानपुरा. तीसेक खुर्च्या, त्यातले निम्मे आपल्या नंबरची वाट बघणारे, आणि ऐन रंगात आलं की काउंटरवर सुरू होणारा ज्यूसर. (मी आता कामाला होकार देतानाच मालकाला सांगते, कुणी बोलत असताना ज्यूसर बंद.) तुझ्यासारखी जालना, बीड, हिंगोलीकडची मुलंमुली त्यात बरीच होती, आणि त्या सगळ्यांचं एकाच जागी बिनसत होतं. वाक्याचा पहिला शब्द दणक्यात येतो. शेवटाकडं धीर सुटतो, आवाज बसतो, हातातला माईक हळूहळू हनुवटीखाली उतरतो. आता आपल्या बोलीत क्रियापद येतं शेवटी, आणि गंमत बहुतेक वेळा त्यातच असते. ‘करायलाय’, ‘बसायलाय’मधला ‘लाय’ हेल काढून ताणायचा असतो, आणि नेमका तोच गिळला जातो. मागच्या रांगेपर्यंत पोचतो तो एकटा ‘कामून’. माणसं त्याला हसतात, कारण त्यांच्यापर्यंत तेवढंच आलेलं असतं.

जुलैत अंबडकडची एक मुलगी आली होती. तिचा किस्सा असा, की आई रोज फोन करते, पण ‘कशी आहेस’ असं कधीच विचारत नाही. ‘पाणी आलं का?’ एवढंच विचारते. नळाच्या पाण्याची वाट बघत या शहरात राहणाऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पण पहिल्या खेपेला तो किस्सा पडला. ती रडवेली झाली. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. माईक स्टँडवरच राहू दे, तोंडापासून चार बोटं. आणि वाक्य संपेपर्यंत पोटातला श्वास सोडू नकोस. पुढच्या रविवारी तिनं तेच वाक्य आईच्या हेलात, शेवटपर्यंत म्हटलं. क्षणभर काहीच नाही, आणि मग हशा मागून उठला, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांमधून. तिनं घाई केली नाही. हशा पूर्ण विझायच्या आत, निम्म्यावर आला तेव्हा पुढचं वाक्य टाकलं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, तिला कानानं कळलं.

आता मित्रांच्या सल्ल्याबद्दल. त्यांना सांग, की याच शहरात विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग केला, तो आपल्याच बोलीत. गावची माणसं लग्नाला विमानानं लंडनला निघतात एवढाच धागा, एकटा माणूस आणि ५२ पात्रं. पुण्या-मुंबईला तो चालला, परदेशात चालला, गिनीज बुकात गेला. मी लहानपणी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मांडीवर बसून पाहिला. तेव्हा नुसतं हसू आलं होतं. आता कळतं, की त्यात कुणीच नुसतं ‘गावाकडचं’ बोलत नाही. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं, त्यासाठी तो बोलतो. तुझ्या बोलीला असाच एखादा माणूस दे. तो मामा असेल, कंपनीतला सुपरवायझर असेल, त्याला काय हवंय ते आधी ठरव. मग लोक त्याच्या अडचणीला हसतील, शब्दाला नाही.

कॅफेच्या बाहेरही जरा फिर. माझं वर्ष १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटपासून सुरू होतं. नामविस्तार दिनाला (विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस) तिथं भीमगीतांच्या गायनपार्ट्या असतात, एका स्टेजचा आवाज दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून आम्ही साऊंडवाले दिवसभर धडपडत असतो. त्या गायकांचं दोन कडव्यांमधलं बोलणं ऐक. गर्दीतल्या एखाद्या काकूला उद्देशून दोन वाक्यं टाकतात, सगळे खळखळून हसतात, आणि त्याच श्वासात पुढचं कडवं असं येतं की बायका डोळ्याला पदर लावतात. हशा आणि गहिवर यांत ढोलकीच्या एका तोड्याएवढं अंतर असतं.

मार्चमध्ये पैठणला नाथषष्ठी. तिथं भारूड ऐक. एकनाथ महाराज संस्कृत जाणणारे पंडित, पण भारुडात ते जोशी होऊन बोलतात, वासुदेव होतात, भूत लागलेला होतात, सासुरवाशीण होतात. भवानीआईला रोडगा वाहणाऱ्या सुनेचं भारूड तू ऐकलं असशील. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं कार्टं, एकेकाची वाट लावायची मागणी ती देवीकडं करते आणि मंडप हसून हसून लोळतो. शेवटी ती म्हणते, एकटीलाच राहू दे. यंदा तिथं एका म्हाताऱ्या भारूडकरी बाबांनी त्या ओळीआधी मृदंग थांबवला. मी पेटीचा माईक खाली घेतला. हसणारी माणसं गप्प झाली आणि त्या बाबांचा नुसता श्वास कर्ण्यांतून ऐकू आला. अंगावर काटा आला माझ्या. तू आठ मिनिटांत जे करू बघतोस, ते हेच आहे.

विद्यापीठाचा युवक महोत्सवही चुकवू नकोस. नकला, प्रहसन, भारूड, पोवाडा एकाच आवारात ऐकायला मिळतात, तिकीट नाही. आणि सेलूला गेलास की आईचं फोनवरचं बोलणं वहीत उतरवून घे, जसंच्या तसं. पुढच्या वेळी आलास की माझ्यापाशी ये, दहा मिनिटं आधी. तुझ्या आवाजासाठी जरा ‘लो’, म्हणजे खर्ज, कमी करून देते.

प्रश्न : मी जालन्यात गाण्याचा क्लास घेते. विद्यार्थ्यांच्या आणि दोन स्थानिक गायकांच्या मैफलीला तिकीट लावलं तर ‘पास नाही का?’ म्हणून विचारतात. बाहेरचं मोठं नाव आलं की हजार रुपये देतात. काय करावं?
— एक वाचक, जालना

उत्तर : ताई, तुमचं दुखणं माझंही आहे. तिकीट लावाच, शंभर रुपये, आणि कुणालाही पास देऊ नका, अगदी स्वतःच्या भावालासुद्धा. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, तेव्हा ती भीती नको. मोठं नाट्यगृह घेऊ नका. सातशे खुर्च्यांत दीडशे माणसं बसली की गाणाऱ्याचा जीव जातो. शाळेच्या हॉलमध्ये तीच दीडशे माणसं गच्च वाटतात.

दुसरी गोष्ट मी जरा कळकळीनं सांगते. पहिल्या रांगेतले पाहुण्यांचे सोफे काढा. मागच्या हिवाळ्यात एका कार्यक्रमाला गायिकेनं मारवा धरायचा ठरवला होता. वेळ सहाची. दिवस मावळतानाचा राग तो. पाहुणे सव्वासातला आले, मग दीपप्रज्वलन, मग शाली, नारळ, स्मृतिचिन्हं, एकेकाचं मनोगत. तानपुरे लावून बसलेली ती बाई दोन तास पडद्यामागं हातावर हात ठेवून बसली. आठला पडदा उघडला तेव्हा मारवा गेला होता, तिनं दुसराच राग घेतला. पुढच्या कुणालाही ते कळलं नाही. मला रात्रभर झोप आली नाही. शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो तेराव्या शतकात, आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून. त्या भूमीत आपण रागाची वेळ सत्काराला देतो.

वेळेवर सुरू करा. पहिले दोन कार्यक्रम रिकामे जातील. तिसऱ्यापासून लोक वेळेवर येतात, हे मी इथल्या एका छोट्या मासिक मैफलीत डोळ्यांनी पाहिलंय. चाळीस श्रोत्यांवर सुरू झाली होती ती; वर्षाच्या शेवटाला दारात चपला ठेवायला जागा नव्हती.

प्रश्न : आमचं सात जणांचं भारूड मंडळ आहे. यात्रेत डीजेवाल्याच्या बॉक्सवर शब्द कळत नाहीत. माईक किती नि कसे लावावेत?
— एक भारूडकरी, पैठण तालुका

उत्तर : महाराज, उघड्या मैदानात शब्दासाठी कर्णेच मागा. बॉक्समध्ये खर्ज फार असतो, त्यात व्यंजनं बुडतात; कर्ण्यातून मृदंग जरा पातळ लागेल, पण बोल दूरवर स्वच्छ जाईल. कर्ण्यांची तोंडं वारा वाहतो त्या दिशेला करा. मुख्य भारूडकऱ्याला हातातला माईक द्या, कॉलर माईक नको, लुगड्याच्या पदराला घासून खरखरतो. धृपद धरणाऱ्यांत एक माईक, मधोमध, छातीच्या उंचीला. मृदंगाला समोरून एक, हातभर लांब. वारा असला तर माईकवर सुती रुमालाची एक घडी बांधा. आणि टाळांना माईक लावूच देऊ नका, ते बाकी सगळ्या माईकांतून आपोआप येतात.