वाचकांचे प्रश्न : पास्टरबाई ते मुख्यमंत्री

प्रश्न : आम्ही नाशिक विभागातले शिक्षक विधान परिषदेवर आमदार पाठवतो. जर्मनीत धर्मशास्त्र शिकलेले, शिकवणारे लोक राज्याच्या राजकारणात दिसतात, ते अशाच एखाद्या मतदारसंघातून येतात का? (एक शिक्षिका, गंगापूर रोड)

उत्तर : नाही. तिथल्या १६ही राज्यांत आज एकच सभागृह आहे, वरिष्ठ सभागृह नाही. आपल्या शिक्षक मतदारसंघाशी थोडेफार जुळणारी गोष्ट बव्हेरिया राज्यात होती. तिथल्या ६० जणांच्या सेनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) धर्मसंस्थांचे ५ आणि विद्यापीठे-अकादम्यांचे ३ सदस्य असत. १९९८च्या सार्वमतात लोकांनी ते मोडीत काढले आणि १९९९ संपताना ते बंद झाले. त्यामुळे आता शिक्षक असो की पास्टर (प्रोटेस्टंट धर्मगुरू), पक्षाकडून उभे राहून सर्वांची मते मागावी लागतात. उदाहरणार्थ, थुरिंगिया राज्यात मतदार दोन मते देतो : एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाच्या यादीला. मतदारसंघ ४४, यादीच्या जागा किमान ४४. पक्षाला ५ टक्के मते मिळाली नाहीत तर यादीतून एकही जागा नाही.

प्रश्न : एखादे खरे उदाहरण?

उत्तर : क्रिस्टीने लीबरक्नेश्ट. जन्म १९५८, वायमार. येना विद्यापीठात १९७६ ते ८२ धर्मशास्त्र, आणि १९८४ पासून वायमारजवळच्या एका खेड्यात प्रोटेस्टंट पास्टर. त्या काळी पूर्व जर्मनीच्या शाळांत धर्मशिक्षण नव्हते, मुलांना ते चर्चमध्येच मिळे. सीडीयू या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षात त्या १९८१ लाच गेल्या होत्या, पण तो पक्ष साम्यवाद्यांच्या दावणीला बांधलेला. १० सप्टेंबर १९८९ रोजी चौघांनी पक्षाला ‘वायमारचे पत्र’ लिहिले आणि पक्षांतर्गत लोकशाही मागितली. त्या चौघांत या होत्या. बर्लिनची भिंत तेव्हा अजून उभी होती, हे लक्षात घेतले म्हणजे पत्राचे वजन कळते.

१९९० मध्ये त्या थेट थुरिंगियाच्या शिक्षणमंत्री झाल्या. शाळा हा जर्मनीत राज्यांचा विषय असल्याने हे खाते दुय्यम नसते. पुढे १९९९ ते २००४ विधानसभा अध्यक्ष.

३० ऑक्टोबर २००९ची मुख्यमंत्रिपदाची निवड मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे. सीडीयू आणि एसपीडी (सोशल डेमोक्रॅट) युतीचे ४८ आमदार, लागणार होती ४५ मते. मतदान गुप्त. पहिल्या फेरीत त्यांना ४४, दुसऱ्यातही ४४! म्हणजे युतीतल्या किमान चौघांनी आपल्याच उमेदवाराला मत दिले नाही. तिसऱ्या फेरीत सर्वाधिक मते पुरतात. तिथे डाव्या पक्षाचे बोडो रामेलो समोर उभे राहिले आणि लीबरक्नेश्टबाईंना ५५ मते पडली. सीडीयूच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. २०१४ मध्ये सीडीयूच सर्वांत मोठा पक्ष होता, पण ९१ जणांच्या सभागृहात डावे, एसपीडी आणि ग्रीन मिळून ४६ भरले आणि खुर्ची रामेलोंकडे गेली.

प्रश्न : आमदार झाल्यावर शिक्षकाची नोकरी जाते का?

उत्तर : सरकारी सेवेतल्या कायम शिक्षकाची जात नाही, ‘थांबते’. शिकवणे बंद, शाळेचा पगारही बंद, फक्त आमदाराचे मानधन. परतण्याचा हक्क राहतो, पण अर्ज वेळेत करावा लागतो. संघीय संसदेच्या कायद्यात त्याची मुदत सदस्यत्व संपल्यापासून ३ महिने आहे, राज्यांचे कायदे आपापले. ती तारीख हुकली की नुसत्या हक्काचा उपयोग नाही.

प्रश्न : आणि कॅथलिक फादर?

उत्तर : सत्तेचे पद घेण्यास त्यांना चर्चच्याच कायद्याची (कलम २८५) मनाई आहे. धर्मशास्त्र शिकलेल्या, पण दीक्षा न घेतलेल्या शिक्षकाला ही आडकाठी नाही.